पटाशीचे दात

तिने माळ्याची खिडकी उघडली, तर समोर एका माणसाचं तोंड होतं.

दुसऱ्या मजल्याच्या बाहेर माणूस असायचं काही कारण नाही, एवढं तिला कळत होतं. तो शिडीवर उभा होता. तोंडात दोन खिळे, हातात टॉर्च. त्याने खिळे काढून खिशात टाकले आणि फार सभ्यपणे म्हणाला, "बाईंनी बोलावलं होतं... चौदा नंबरच्या."

"हा सोळा नंबर आहे."

त्याने खाली पाहिलं, शिडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कान लाल झाले. "चुकलंच. पण... आलोच आहे तर सांगतो. तुमच्याकडेही आहे."

"काय?"

"भोक. हे बघा, कौलांखाली. मुठीएवढं. वरून आवाज येतात का?"

"येतात. आत्या म्हणते उंदीर आहेत."

"दिवसा येतात की रात्री?"

"सकाळी, मी कामाला बसले की. दुपारी सामसूम. संध्याकाळी पुन्हा धावपळ."

"मग उंदीर नाही. उंदीर रात्रपाळीचा. उडणारी खारसुद्धा रात्रीचीच. ही साधी झाडावरची खार, दिवसपाळीची." तो हसला. "आणि ती एकटी नसणार."

आता दुसरी एखादी "बरं, बघू" म्हणून खिडकी लावून घेतली असती. पण हिला घरात लहानपणापासून चौकशी म्हणायचे, ते उगीच नाही. तिने विचारलं, "एकटी नाही, हे कशावरून?" आणि तिथूनच सगळं सुरू झालं, कारण या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्याला दारातून आत यावं लागलं.

चौकशी कवळ्या बनवायची. खालच्या खोलीत तिचं टेबल, त्यावर मेण, प्लास्टर, भिंग आणि दाताच्या डॉक्टरांकडून आलेले जबड्यांचे ठसे. घरात ती आणि तिची आत्या, दोघीच. आत्या निवृत्त परिचारिका. चाळीस वर्षं वॉर्ड सांभाळल्यामुळे आवाज एक पट्टी वर आणि निर्णय तयार. खारी पकडून त्यांच्या घरात शिरायच्या वाटा बंद करणारा माणूस असतो, हेच मुळात तिला पटेना. तिने त्याचं नाव खारवाला ठेवलं आणि तेच रुळलं.

खारवाल्याने माळ्यावर पीठ भुरभुरलं, आणि दुसऱ्या दिवशी पिठावरचे ठसे चौकशीला दाखवले. पुढचे पाय छोटे, मागचे लांब.

"खारी किती प्रकारच्या असतात?" तिने विचारलं.

"घरात भेटतात त्या मोजक्याच. करडी, ती मोठी. झुपकेदार शेपटी, आणि जागा आपलीच आहे असं वागते. लाल लहान असते, कानांवर केसांचे तुरे, राग कायम नाकावर. पाठीवर पट्टे असलेली जमिनीतली, ती पायरीखाली बिळं करते, वर फारशी येत नाही."

"आमची?"

"करडी. आणि तुमच्या जुन्या गोधडीत चार पिल्लं आहेत. अजून डोळेही उघडलेले नाहीत."

ती गुडघ्यांवर वाकून बघत राहिली. तिच्या खांद्यामागून तो हळूच म्हणाला, "आता भोक बुजवलं तर आई बाहेर, पिल्लं आत. मग ती छप्पर फोडेल. फोडायलाच हवं ना तिने... पिल्लं फिरती होईपर्यंत थांबावं लागेल. दर गुरुवारी येऊन बघून जाईन."

असे गुरुवार सुरू झाले. पहिल्या गुरुवारी त्याने छपरावर आलेली फांदी छाटली. दुसऱ्या गुरुवारी वायरींवर पत्र्याची नळी चढवली, कारण आत्याच्या टेलिफोनची वायर एव्हाना कुरतडून झाली होती. खारी दाण्यांच्या ओढीनेच येतात, म्हणून तिसऱ्या गुरुवारी आत्याने अंगणात पक्ष्यांना दाणे घालणं बंद करायचं, असं ठरलं. आत्याने तोंड फिरवलं. तिच्या दिवसातली तेवढीच एक हौस होती.

आणि चौथ्या गुरुवारी चौकशीने वाशावरच्या दातांच्या खुणांवर बोट ठेवून विचारलं, "एवढं कठीण लाकूड, दात झिजत नाहीत?"

"झिजतात, आणि वाढतातही, जन्मभर. पुढून टणक, मागून मऊ. त्यामुळे कुरतडेल तितकी धार येते. सुताराची पटाशीच म्हणा ना."

तेवढं पुरे होतं. तिने मेण मऊ करून वाशावर दाबलं, ठसा घेतला, त्यात प्लास्टर ओतलं आणि पुढच्या खेपेला तो साचा त्याच्या तळहातावर ठेवला. "तुमच्या खारबाईंचा डावा दात टोकाला तुटलाय. बघा, प्रत्येक वेळी डावी खाच उथळ आहे."

त्याने साचा उजेडात धरला. "अकरा वर्षं हे काम करतोय. एखादी खार दातांवरून ओळखणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं." एवढं बोलून झाल्यावर तो साच्याकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. मग दोघांनाही एकदम काहीतरी काम आठवलं.

पिल्लांचे डोळे उघडले, शेपट्या फुलल्या, ती वाशांवरून शर्यती लावू लागली. दहाव्या आठवड्यात त्याने भोकावर फक्त बाहेर उघडणारी झडप बसवली. दोन दिवसांत पाचही जणी बाहेर पडल्या. त्याने पोलादी जाळी ठोकली आणि हत्यारं पिशवीत भरली. दारात मात्र जरा जास्तच रेंगाळला.

"मग... काही लागलं तर..."

"हो," ती म्हणाली. तिला खूप काही विचारायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला एकही प्रश्न सुचला नाही.

पण पुढच्या गुरुवारी तो आला. सहज बघून जातो म्हणत माळ्यावर गेला, आणि खाली आला तो गंभीर चेहऱ्याने. जाळीच्या कडेला ताज्या खुणा होत्या. त्याच्या पुढच्या गुरुवारीही सापडल्या.

"एवढ्या दिवसांत हत्ती बाहेर काढला असता कोणी," आत्या म्हणाली. "आणि माझे पक्षी उपाशी."

चौकशी मात्र दोन आठवडे हवेत होती. तिसऱ्या आठवड्यात तिचा स्वभाव जागा झाला. सकाळी आवाज नाही. संध्याकाळी धावपळ नाही. तिने स्वतः पीठ भुरभुरलं, त्यावर चार दिवसांत एक पाऊल उमटलं नाही. मग खुणा कोण करतंय? तिने मेण नेलं, ठसा घेतला, प्लास्टर सुकल्यावर भिंगाखाली धरला.

दोन्ही खाचा सारख्याच खोल. तळ सपाट. कडा सरळ. कुठलाही दात असा चालत नाही, हे तिला झोपेतही कळलं असतं.

ती माळ्यावरच बसून राहिली. त्याने खोट्या खुणा केल्या होत्या, तिच्या घरात, तिच्या डोळ्यांत बघत. तिला तो आवडत होता, हे तिने स्वतःशी कबूल करून जेमतेम आठवडा झाला होता, म्हणून जास्तच लागलं. खोटे दात बनवणं हा तिचा धंदा होता. खोटा माणूस तिला चालणार नव्हता.

गुरुवारी पाऊस होता. तो भिजून आला, पायपुसण्यावर पाय घासत उभा राहिला. तिने टॉवेल दिला, पण हसली नाही. टेबलावर दोन साचे मांडले.

"ओळखा."

त्याने पहिला उचलला. "ही... आपली करडी. डावा दात."

"आणि ही?"

त्याने दुसरा साचा उचलला आणि फिरवला.

"ही कुठल्या जातीची खार आहे?" तिने विचारलं.

"...माझी पटाशी."

"पटाशीसारखे दात आणि पटाशी यांतला फरक मला कळणार नाही, असं वाटलं तुम्हाला?"

"नाही. म्हणजे... डोकं चाललंच नाही. जाळी ठोकली त्या दिवशी इथे दारात उभं राहून मी मनात दहा वाक्यं जुळवली, एकही बाहेर पडलं नाही. घरी गेलो, आणि वाटलं, आता या घरात यायला मला कारणच उरलं नाही." तो साच्याकडे बघतच बोलत होता. "तुम्ही मला फार आवडता. हे आधी सांगायला हवं होतं. लाकूड कोरायच्या आधी."

साचा त्याच्या हातातून काढून घेत ती म्हणाली, "मला सांगितलंत. आत्याचं काय? तुमच्या खारीपायी तिने आणखी तीन आठवडे दाणे घातले नाहीत. जा, सांगा तिला."

तो घाबरला हे दिसलं. पण गेला. चौकशी जिन्यावर उभी राहून ऐकत होती. ऐकू नये हे तिला कळत होतं, पण स्वभावाला औषध नसतं. तिने कठडा घट्ट धरला होता, कारण आता तो तिथे आणखी एखादी थाप मारतो की काय, यावर सगळं ठरणार होतं.

"तीन आठवडे माळ्यावर खार नाहीये," तो सरळ म्हणाला. "खुणा मी केल्या. तुमच्या भाचीला भेटता यावं म्हणून. तुम्हाला त्रास झाला, त्याची माफी मागतो. वासा मी नवा घालून देईन."

स्वयंपाकघरात भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणजे खार तुम्हीच," आत्या म्हणाली.

"हो."

"आणि घरी पिल्लं किती?"

"एकही नाही. एकटाच असतो मी."

"दात दाखवा." तो गोंधळला असावा. "हसा हो जरा. मेलेल्या माणसासारखं तोंड करून काय मागणी घालता?" मग डब्याचं झाकण वाजलं, आणि आत्या दाणे घेऊन भर पावसात अंगणात गेली.

तो जिन्यापाशी आला. चौकशी दोन पायऱ्या खाली उतरली. आता त्यांचे डोळे एका उंचीवर होते.

"पुढच्या गुरुवारी काय कारण सांगणार?" तिने विचारलं.

"काहीच नाही. बेल वाजवेन, आणि दार जो उघडेल त्याला सांगेन, की तुम्हाला भेटायला आलोय."

तिने त्याच्या ओल्या बाहीवर हात ठेवला.

"दार मीच उघडेन," ती म्हणाली. "आणि गुरुवारपर्यंत थांबायलाच हवं का?"