टाकीचं झाकण

"अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव! हँडल वर ओढायचं, खाली दाबायचं नाही!" पोपट ओरडला.

"मला शिकवतोस? काकाने आधी मला शिकवलंय!" असं म्हणत खारूने ट्रॅक्टरच्या तोंडातलं हँडल हिसका देऊन वर ओढलं.

म्हातारबुवा, म्हणजे हा ट्रॅक्टर, खोकले, शिंकले आणि एकदाचे धडधडू लागले! छोटा बटण कानांवर हात ठेवून उड्या मारायला लागला. पण सात मिनिटं झाली मात्र, धडधड मंदावली आणि म्हातारबुवा गप्प झाले. सकाळपासूनची ही तिसरी खेप.

आजोबांच्या तरुणपणीचा हा ट्रॅक्टर वीस वर्षं शेडमध्ये धूळ खात पडला होता. सुट्टी लागल्यापासून या तिघा चुलत भावंडांनी काकाच्या हाताखाली त्याचा गंज खरवडला होता, पेट्रोलची नळी बदलली होती, नवी सीटसुद्धा शिवली होती. आजोबांची अट साधी होती. रविवारी सकाळी शेताला न थांबता एक फेरी पूर्ण केली, तर म्हातारबुवा घरात राहणार. अडले, तर सोमवारी भंगारवाला येणार.

आणि आज शनिवार होता!

"इंजिन थकलंय रे पोरांनो," काका हात पुसत म्हणाला. "जीव नका आटवू. मी जेवून येतो."

"परवा तर अर्धा तास चाललं होतं!" पोपट पुटपुटला.

खारूने पेट्रोल बघायला टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! टाकीने बाहेरची हवा जोरात आत ओढली. खारू दचकली. झाकणाच्या मधोमध टाचणीएवढं भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी त्यातून हवा आत जाते. हवा मिळाली नाही, तर थोड्या वेळाने पेट्रोल उतरायचंच थांबतं. तिने झाकण उजेडात धरलं. भोक काळ्या मेणाने बुजवलेलं होतं.

"हे तर सीटच्या दोऱ्याला लावायचं मेण!" पोपट म्हणाला. "ते फक्त काकाच्या खिशात..."

 

"काका शेड मोजत होता," बटण हळूच म्हणाला. "टेपने. फोनवर सांगत होता, सोमवारी रिकामी होईल, तुमची मशिनं आणा. मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, म्हातारबुवांसाठी फळी ठोकणार असेल."

खारूने झाकण हातात उलटसुलट केलं. "टाकीलाही श्वास लागतो बरं का," असं पहिल्याच दिवशी हेच झाकण दाखवून कोणी सांगितलं होतं? काकानेच! परक्याने केलं असतं, तर ती भांडली असती. आता नुसतं रडू येत होतं, आणि रडूही येऊ द्यायचं नव्हतं.

"आजोबांना सांगूया!" पोपट उसळला.

"नको. आधी फेरी पूर्ण होऊ दे. भोक मोकळं दिसलं, तर तो दुसरं काहीतरी करेल." खारूने सीट शिवायची सुई घेतली आणि मेणातून आरपार खुपसली. वरून बघणाऱ्याला मेण जसंच्या तसं दिसत होतं.

रविवारी सगळं घर बांधावर जमलं. काकाने जाता जाता झाकणावर नजर टाकली आणि तो निवांत हाताची घडी घालून उभा राहिला. खारूने हँडल मारलं. आजोबा सीटवर चढले. म्हातारबुवा निघाले!

सगळे ट्रॅक्टरकडे बघत होते. तिघं मात्र काकाकडे बघत होती. सातव्या मिनिटाला काकाने घड्याळ पाहिलं. आठव्या मिनिटाला पुन्हा पाहिलं. दहाव्या मिनिटाला त्याच्या हातांची घडी सुटली. विसाव्या मिनिटाला आजोबा फेरी पूर्ण करून परत आले, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"शाब्बास रे वाघांनो! मला वाटलं नव्हतं!" त्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. मग काकाच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि शाब्बास तुझी! शिकवणारा असावा तर असा!"

खारूने सुईने झाकणातलं मेण उकरलं, काकाजवळ गेली आणि ते त्याच्या तळहातावर ठेवलं. 

काकाचा चेहरा पांढराफटक पडला. 

"बाबा," तो म्हणाला, "भोक मी बुजवलं होतं. वर्कशॉपसाठी शेड हवी होती. म्हटलं, ट्रॅक्टर काही सुरू व्हायचा नाही, पोरांची सुट्टी तेवढी मजेत जाईल. आणि यांनी तो सुरूच केला!"

"मग मागायची होतीस शेड!" आजोबा गरजले. "पोरांचा विश्वास कशाला मोडलास? शहाणी तर ही निघाली. सगळं माहीत असून सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं नाही तिने!"

"खारू, चुकलो गं," काका म्हणाला.

"उद्या ऑइल बदलायचंय," खारू त्याच्याकडे न बघता म्हणाली. "यायचं तर ये. पण झाकण मी लावणार. आणि तू गेल्यावर पुन्हा उघडून बघणार."

काकाने मान डोलावली. खिशातला मेणाचा गोळा काढून त्याने तिच्या हातात दिला.

खारूने तो घेतला, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.