उजवं माझं, डावं तुझं

मिस्त्री गॅरेजचं शटर ओढत होते, तेवढ्यात ती छोटी जुनी जीप दारात येऊन थांबली. रात्रीचे साडेदहा झाले होते. मिस्त्रींनी तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि मग जरा जास्तच वेळ पाहिलं.

आतून तिघं तरुण उतरले. गाडीला नवा हिरवा रंग होता, टपावर सहा दिवे होते आणि मागे एक फावडं बांधलं होतं. फावड्यावर दुकानाचं लेबल तसंच होतं. गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यावर रात्रीसुद्धा गॉगल होता.

"काका, हे पुढचे हब काढून ऑटोमॅटिक टाका. खाली उतरून ते हाताने फिरवायची कटकट नको. बटण दाबलं की चारही चाकं चालू."

"आत्ता?"

"आत्ताच. रात्री धरणाखालच्या ओढ्यातून काढायची आहे. व्हिडिओ करायचाय."

मिस्त्रींनी टॉर्च घेतला, वाकून पुढची दोन्ही चाकं पाहिली. हब म्हणजे चाकाच्या मधोमध असलेल्या त्या गोल चकत्या. दोन्हींची खूण 'फ्री'वर होती, 'लॉक'वर नाही. तसं त्यांनी मोठ्याने सांगितलंही. मग टॉर्च बंद केला.

"आज नाही होणार. आत या. किती आवडते ही गाडी तुम्हाला?"

"जीव आहे काका हिच्यावर."

"काय आवडतं?"

"लूक," गॉगलवाला म्हणाला. कॅमेरावाला म्हणाला, "ॲटिट्यूड." तिसरा जरा जाड होता, त्याने नुसती मान हलवली.

मिस्त्री हसले. ते हसू काही चांगलं नव्हतं.

"अरे, पत्र्याचा डबा आहे तो. खड्ड्यातून गेली की पाठीचे मणके मोजून घ्यावे लागतात. आवाज असा की बायकोशी बोलायचं तर गाडी थांबवावी लागते. तरी चाळीस वर्षं झाली, माणसं हिच्यामागे वेडी होतात. का? वजन नाही, म्हणून बकरीसारखी चढते. बिघडली तर एक पाना आणि एक पक्कड पुरते. पण अडकली की ती तुम्हाला खाली उतरवते. चिखलात गुडघा टेकून हब फिरवल्याशिवाय पुढची चाकं ओढत नाहीत. ज्याला ते नको, त्याने घरी सोफ्यावर बसावं. सोफा कुठेच अडकत नाही."

जाड्या हसला. गॉगलवाला हसला नाही.

"माझा एक मेव्हणा होता," मिस्त्री उलट्या डब्यावर बसत म्हणाले. "तोही तुमच्यासारखाच. त्याचं ऐका, मग हवं तर जा ओढ्यात."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

मेव्हणा जुन्या गाड्यांचा दलाल होता. त्याला गाड्या कळत नव्हत्या, गिऱ्हाईक कळायचं. या छोट्या जीपांना तो 'खेळणी' म्हणायचा आणि घेणाऱ्यांना 'बाळं'. पायात कायम पांढरे बूट. चिखल दिसला की मांजरासारखा पाय उचलायचा.

वरच्या वस्त्यांवर तेव्हा जनावरांचा एक डॉक्टर फिरत असे. सत्तावीस वर्षं एकच छोटी जीप. मध्यरात्री कुणाची गाय अडली तरी हा हजर. त्याचा एक नियम होता. गाडी अडकली की चालवणाऱ्याने उजवं चाक हब फिरवून लावायचं आणि शेजारी बसलेल्याने डावं. "उजवं माझं, डावं तुझं," एवढंच म्हणायचा आणि उतरायचा. एकदा एक मोठा साहेब शेजारी होता. त्यालाही त्याने चिखलात बसवलं.

एका रात्री मेव्हण्याची वस्तीवरून खाली येणारी शेवटची गाडी चुकली. डॉक्टरने त्याला शेजारी घेतलं. धरणाखालच्या ओढ्यात तेव्हा पाणी नव्हतं, नुसता गाळ. जीप त्यात बसली.

"उजवं माझं," डॉक्टर म्हणाला. मग जरा थांबला. छातीवर हात ठेवला. "डावं तेवढं तू कर. मला बरं वाटत नाहीये."

मेव्हण्याने शेजारचा ताडपत्रीचा पडदा सोडून खाली पाहिलं. गाळ होता. "बूट नवे आहेत हो, डॉक्टर."

डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं मेव्हणा नंतर म्हणाला. डॉक्टर उतरला. उजवं लावलं. दिव्यांच्या उजेडातून पलीकडे गेला, डाव्या चाकाशी वाकला. आणि उठला नाही.

"मग?" जाड्याने विचारलं.

मग काय? मेव्हणा खाली उतरला नाही. मागच्या फळीवर गेला, तिथून दगडावर उडी मारली, दगडादगडांवरून काठावर आला आणि चालत घरी गेला. बूट कोरडे. सकाळी एका मेंढपाळाला डॉक्टर सापडला. हात डाव्या हबवर होता.

मेव्हण्याने कुणाला सांगितलं नाही. पण डॉक्टरची बायको खुळी नव्हती. गाडीच्या डाव्या बाजूचा तो पडदा सुटलेला होता, आणि एकटा असला की डॉक्टर तो कधी सोडत नसे. वर्षभर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिली, "त्या रात्री शेजारी कोण होतं?"

"आणि तुमचा मेव्हणा?"

तो वर्षभराने तिच्याकडे गाडी विकत घ्यायला गेला.

कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली ठेवला. "काय माणूस आहे!"

"माणूस म्हणू नकोस. मेव्हणा म्हण."

शहरातल्या एका हॉटेलवाल्याला अशी जीप हवी होती. चालवायला नाही, हॉटेलच्या दारात शोभेला ठेवायला. आत कुंड्या ठेवणार होता. शनिवारी सकाळी आठला उद्घाटन, त्याआधी गाडी दारात हवी. म्हणून मेव्हणा शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरच्या घरी पोचला. नोव्हेंबर महिना. बाईंनी कागदांवर सही केली, चावी हातात ठेवली आणि म्हणाल्या,

"भाऊजी, तुम्ही तर नव्हता ना त्या रात्री?"

"मी? नाही हो वहिनी. शपथ."

बाई ओट्यावर जाऊन बसल्या. गाडी त्याच्या हाताने सुरू होईना. अर्धा तास, दोन तास, चार तास. बॅटरी उतरली. तो शिव्या घालत होता, पण पुटपुटत, बाईंना ऐकू जाणार नाही अशा. शेवटी बाराच्या पुढे बाई ओट्यावरून म्हणाल्या, "चोक अर्धाच ओढा. आणि मागे लागू नका तिच्या." वस्तीवरच्या दोघांनी धक्का दिला, आणि जीप एका दमात चालू झाली.

कागदांची मुदत संपली होती, हमरस्त्यावर चौकी होती. म्हणून त्याने ओढ्याचा रस्ता धरला. अमावास्या वगैरे काही नव्हतं, बाबांनो. चांगलं टिपूर चांदणं होतं. चाकाखालचा खडान् खडा दिसत होता.

दोनला वीस मिनिटं कमी असताना जीप ओढ्यात बसली. त्याच जागी.

त्या वर्षी रात्री दोनला धरणातून पाणी सोडत. आधी भोंगा वाजे, मग दहा मिनिटांत ओढा कमरेएवढा. हे सगळ्यांना माहीत. त्यालाही.

त्याने फोर व्हीलचा दांडा ओढला. मागची चाकं फिरली. गाळ उडाला. पुढची चाकं ढिम्म. हब फ्रीवर. उतरायचं, दोन चकत्या फिरवायच्या, परत बसायचं. एका मिनिटाचं काम.

तो उतरला नाही.

पुन्हा दांडा. पुन्हा गाळ. "खेळणं साला," तो म्हणाला.

तेवढ्यात जीप हलली. जराशी. डावीकडून वर उचलली गेली... शेजारचं माणूस उतरलं की उचलते तशी.

त्याने वळून पाहिलं नाही.

पडदा फडफडला. वारा नव्हता.

चिखलात पावलं. एक. दोन. पुढच्या चाकाजवळ थांबली.

मग...

खट्.

डाव्या हबचा आवाज. गाड्या कळत नव्हत्या त्याला, पण हा आवाज कळला. वर्षभर तोच ऐकत होता तो.

पावलं परत आली. जीप डावीकडे खाली झाली. सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. गाईगुरांचा वास आला. औषधाचा. ओल्या कापडाचा.

कुणी बोललं नाही.

मेव्हण्याने समोर पाहत विचारलं, "डॉक्टर?"

...

"डॉक्टर, मी... बूट नवे होते हो."

...

भोंगा वाजला.

त्याला वाटलं, आता शेजारून काहीतरी होईल. गळा धरेल. ओढून नेईल. काहीच झालं नाही. शेजारचं नुसतं बसून राहिलं. वाट बघत. डावं झालं होतं. आता चालवणारा हा होता.

पाणी आलं. आधी आवाज, मग चाकं, मग पायाखालचा पत्रा. पांढरे बूट भिजले. बसल्या जागी भिजले! त्यासाठी माणूस मेला होता...

मेव्हणा उतरला. कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकले. हनुवटी वर धरून हाताने चकती चाचपली. फिरेना. पुन्हा. फिरेना. रडत होता तो. पुन्हा.

खट्.

आणि जीप त्याच्या हाताखालून निघून गेली.

मिस्त्री थांबले. बाहेर रस्त्यावर कुणी नव्हतं.

"म्हणजे? चालवत कोण होतं?" गॉगलवाल्याने विचारलं.

"पहाटे चार वाजता या शटरवर कुणीतरी थापा मारत होतं," मिस्त्री म्हणाले. "मी उघडलं. जीप इथे, दारात. इंजिन चालू. मेव्हणा डाव्या सीटवर. गळ्यापर्यंत भिजलेला, हातपाय गार. उजवी सीट रिकामी होती. मी म्हटलं, तू तर आत बसलायस, मग शटर कुणी वाजवलं? त्याने मला हे सगळं सांगितलं. एवढं एक सोडून."

"मग हॉटेलवाला?"

"घालू दे कुंड्या घमेल्यात. उजाडल्यावर मी मेव्हण्याचा दंड धरला आणि डॉक्टरच्या घरी, वहिनींच्या दारात नेऊन उभा केला. त्याने सांगितलं सगळं, खाली मान घालून. वहिनींनी ऐकून घेतलं. एकच विचारलं. 'उतरलात का शेवटी?' तो म्हणाला, 'उतरलो.' त्यांनी दार लावून घेतलं."

कॅमेरावाला हसला, पण घशातल्या घशात. "बनवताय काका. आम्ही ओढ्यात जाऊ नये म्हणून."

"असेल."

"आणि ती गाडी? तिचं काय झालं?"

"मेव्हण्याने चावी परत दिली, मग दुसऱ्याला विकली वहिनींनी. तीन-चार हात फिरली असेल. मधे कुणीतरी रंग दिला असेल." मिस्त्रींनी टॉर्च उचलला आणि गॉगलवाल्यासमोर धरला. "हब काढायचेत ना? बघून ये, फ्रीवर आहेत ना अजून."

तिघंही बाहेर आले. आवार सिमेंटचं होतं. कोरडं. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते. गॉगलवाल्याने टॉर्च लावला.

डाव्या बाजूचा पडदा सुटला होता. डाव्या हबची खूण 'लॉक'वर होती. चकतीवर बोटभर जाड चिखल होता, आणि त्यातून पाणी अजून ठिबकत होतं.

त्याने टॉर्च हळूहळू उजव्या चाकाकडे नेला.

ते फ्रीवरच होतं.