पाईपवरचे दोन ठोके

महादेवाला स्मरून सांगते, यात माझ्या मनचं काही नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्यावं.

साल १९९७. श्रावणातला सोमवार, दिवेलागणीची वेळ. बडोद्याचं मकरपुरा.

तिथे एक स्टीम प्लांट होता. एकाच भट्टीवर वाफ तयार व्हायची आणि लांबलचक पाईपांतून आसपासच्या साऱ्या कारखान्यांना जायची. माझे यजमान जनार्दन तिथे बॉयलरवर होते. पुढे गॅस आला, ज्याने त्याने आपापला बॉयलर बसवला. वाफ घेणारा एकच उरला... पाईपच्या पार टोकाचा, कापड रंगवण्याचा कारखाना.

रविवारी भट्टी बंद. सोमवारी संध्याकाळी पुन्हा वाफ सोडायची. पण त्याआधी पाईपात साठलेलं पाणी काढावं लागतं, नाहीतर पाईप फुटतो. टोकाला ते काम यांचे जोडीदार सुभाषभावजी करायचे. मध्ये फोन नव्हता. ते पान्याने पाईपवर ठोकून कळवायचे.

एक ठोका म्हणजे, थांब.

दोन ठोके म्हणजे, पाणी निघालं, पाठव.

त्या आषाढात सुभाषभावजी गेले. झोपेतच.

यजमानांनी बदली माणूस मागितला. साहेब म्हणाले, "प्लांटच बंद करायचाय, आता माणूस कशाला?"

मग हे एकटेच. सायकलवर टोकाला जायचं, पाणी काढायचं, परत येऊन वाफ सोडायची. छातीचं दुखणं तेव्हाच सुरू झालं.

त्या सोमवारी मी डबा घेऊन गेले. माझा उपास आम्ही तिथेच सोडायचो. हे भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते.

"अहो, गेला नाहीत अजून?"

"जातो गं. तुझ्या महादेवाला सांग, एक माणूस तेवढा पाठव म्हणावं."

"थट्टा नको हं देवाची."

आणि तेवढ्यात...

टण्.

टण्.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. सुटल्यासारखं हसू होतं.

मला त्याचीच भीती वाटली.

"आधी बघून येऊ," मी म्हटलं. दोघं टोकाला गेलो. पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा होता. खाली गंजाचं लाल पाणी... ताजं. वॉचमन म्हणाला, "बेन, अहीं तो कोई आव्युं ज नथी." इथे कोणी आलंच नाही म्हणे.

यांनी परत येऊन वाफ सोडली. काही झालं नाही. मी मात्र डबा न उघडताच घरी नेला.

पुढे दर सोमवारी तेच. हे जागचे उठेनासे झाले. म्हणायचे, "सुभाष आहे ना."

पुढच्या वर्षी प्लांट बंद पडला. पाईप कापून भंगारात गेले. मला वाटलं, सुटलो.

त्याला आता सहा वर्षं झाली. हे अंथरुणाला खिळलेत. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणतात.

गेल्या श्रावणात, सोमवारीच, मी देवापाशी दिवा लावला. आणि आमच्या रावपुऱ्याच्या घरात, मोरीतल्या नळाच्या पाईपवर...

टण्. टण्.

यांनी डोळे उघडले. "सुभाष तयार आहे गं," म्हणाले, आणि पांघरूण बाजूला करू लागले.

पाठवायला आता वाफ नव्हती. कोणाला पाठव म्हणताहेत, ते मला कळलं.

पलंगाखाली यांचा जुना पाना होता. तो घेतला आणि पाईपवर मारला. एकदाच.

थांब.

आवाज बंद झाला. हे पुन्हा आडवे झाले.

तेव्हापासून दर सोमवारी दिव्यानंतर हेच. व्रतं मी पुष्कळ केली, प्रत्येकाचं उद्यापन ठाऊक आहे. याचं कोणाला विचारू?

गेल्या सोमवारी हे हळूच म्हणाले, "मंदा, किती वेळा थांबवशील? दमलोय गं मी. तोही ताटकळतो."

मी तरी एक ठोका मारलाच.

आज पुन्हा सोमवार. वात लावली आहे. पाना मांडीवर घेऊन बसले आहे. हे टक लावून माझ्या हाताकडे बघताहेत...