बासुंदीची वाटी आणि बाबांचं हृदय

माझ्यात राग बसवलेलाच नाही, असं माझी कंपनी सांगते. कंपनीने कुसुमआत्या पाहिलेल्या नाहीत. मी पाटणकरांच्या घरातला आरोग्य-रोबो. दोन महिन्यांपूर्वी भास्कररावांचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. जठर (पोटातली अन्नाची पिशवी) लहान केलं. दादा सुखरूप घरी आला, म्हणून त्यांच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे या कुसुमआत्यांनी, काय करावं? मेजवानी ठेवली.

आत्यांकडे निघताना भास्कररावांच्या लेकीने, शाल्मलीने, मला विचारलं, "ऑपरेशन पोटाचं झालं. मग बाबांच्या हृदयाला आराम पडेल असं डॉक्टर कसं म्हणाले?"

"घ्या. हे विचारायचं इतक्या दिवसांत कोणाला सुचलं नाही," मी म्हणालो. "बाबांना एकदा झटका येऊन गेलाय ना? जादा वजनाने हृदयाला सतत जास्त राबावं लागतं. रक्तदाब (रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर पडणारा रक्ताचा जोर) वाढतो. त्यात साखर आणि चरबी वाढली की धमन्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्या) आतून अरुंद होत जातात."

"आणि जठर लहान केलं की?"

"थोड्याशा खाण्यानेच पोट भरतं. शिवाय आतड्यातली संप्रेरकं (शरीरात निरोप पोचवणारी रसायनं) बदलतात. भूक मंदावते, साखर आटोक्यात येऊ लागते. वजन, दाब, साखर उतरली की पुन्हा झटका येण्याचा धोका कमी होतो. कमी होतो, बरं का, संपत नाही. म्हणून तर गोळ्या आणि पथ्य. पण तुझ्या बाबांना वाटतं, पिशवी छोटी झाली, आता पुढचं ती बघून घेईल."

आत्यांकडे चार घासांतच भास्कररावांचं पोट भरलं. तरी आत्या बासुंदीची वाटी घेऊन आल्याच. "दादा, माझी शपथ आहे तुला." आणि त्या भल्या माणसाने वाटी उचलली की! अन्नाला नाही म्हणू नये म्हणे. मी कपाळ बडवून घेतलं असतं, पण ते पत्र्याचं आहे. उगाच आवाज झाला असता.

शाल्मलीने वाटीवर हात ठेवला. "आत्या, बाबांना परत झटका आला तर? मला फार भीती वाटते गं."

भास्कररावांनी लेकीकडे पाहिलं आणि वाटी खाली ठेवली. "पोट भरलं माझं, कुसुम," ते म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

आता आत्या रुसणार, या तयारीत मी होतो. पण आत्या दादाच्या शेजारी येऊन बसल्या.

"उद्यापासून रोज चालत ये माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "रिकाम्या हाताने परत पाठवीन."