जोडीला कुणीतरी हवं म्हणून

बसथांब्यावर डोळे मिटून बसलेली ती मुलगी विमान उडवत होती.

रस्ता नुसता वाहत होता, पत्र्यावर सरी तडतडत होत्या, पण तिला त्याचं काही नव्हतं. ओठ पुटपुटत होते. उजव्या हाताने तिने हवेतलंच सुकाणू धरलं होतं आणि डावा हात हळूहळू पुढे सरकत होता, दोन्ही इंजिनांना जोर द्यायला... तो कुणाच्या तरी गुडघ्यावर जाऊन टेकला.

"आणखी जोर दिलात तर मी रस्त्यापलीकडे जाऊन पडेन," शेजारून आवाज आला.

तिने दचकून डोळे उघडले. भिजलेले केस, मांडीवर बॅग, आणि हसू दाबून दाबून लाल झालेला एक चेहरा.

"मग आधी बोलायला काय झालं होतं?" ती भडकली. चूक आपली असली की माणूस जरा जास्तच भडकतो.

"उड्डाण चालू असताना मध्ये बोलू नये म्हणतात."

म्हणजे हाही त्यातलाच! समोरच्या काचेच्या इमारतीत आज विमान कंपनीची परीक्षा होती. दोघेही तिथेच निघाले होते.

"किती तास?" त्याने विचारलं. वैमानिकांच्या जगात नावगाव नंतर, उडवलेले तास आधी.

"दोनशे," ती हनुवटी वर करून म्हणाली. "तुमचे?"

"हजार. म्हणजे... थोडे वरच."

"अरे वा, हजारराव! कुठे मिळाले एवढे?"

"फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवतो ना. विमान पोरं उडवतात, मी शेजारी जीव मुठीत धरून बसतो. तास मात्र माझ्याही नावावर पडतात."

ती खुदकन हसली. आणि मग आपण हसलो याचाच तिला राग आला.

राग यावा अशीच तिची गोष्ट होती. हातात परवाना येऊन तीन वर्षं झाली होती. ज्या दारात जावं तिथे एकच पाटी : अनुभवी हवेत. विमान उडवायला शिकलेली ही मुलगी विमानतळाच्या काउंटरवर लोकांच्या बॅगा तोलत उभी राहायची. मामा म्हणायचा, "पोरी, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तसली गत झालीय तुझी." खरंच, काय हा न्याय! देवाने आईच्या मांडीवर पहिलं मूल ठेवलं, तेव्हा तिला आधीचा अनुभव विचारला होता का? पहिलं पाऊल टाकणाऱ्याला कुणी म्हणतं का, आधी मैलभर चालून दाखव? पण देवाला जे सुचत नाही ते कंपन्यांना सुचतं.

आज पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं. सकाळी आईने फोनवर सांगितलं होतं, "देव पाठीशी आहे गं तुझ्या."

"पाठीशी नको आई, शेजारच्या खुर्चीत बसव त्याला," ती म्हणाली होती.

शेजारच्या खुर्चीत हजारराव आले.

परीक्षा जोडीने असते. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरच उभं असलेलं खोटं कॉकपिट. त्यात एकाने उडवायचं, दुसऱ्याने लक्ष ठेवायचं. मागे बसून पांढऱ्या मिशांचे कप्तान दोघांना पाहणार. आधी पाळी त्याची आली.

खोटं विमान उडालं आणि लगेच घंटा वाजू लागली. एक इंजिन गेलं होतं! अशा वेळी बिघडलेलं इंजिन बंद करायचं. पण हात घालण्याआधी शेजारच्याला विचारून खात्री करायची. हजारराव विचारायचंच विसरला. शिकाऊ पोरांशेजारी बसून एकट्यानेच निर्णय घ्यायची सवय ती! त्याचा हात सरळ गेला... चांगल्या इंजिनाकडे.

तिचा हात त्याच्या हातावर घट्ट बसला.

"ते नाही. डावं गेलंय. डावं."

क्षणभर त्याने तिच्याकडे पाहिलं. घामाचा एक थेंब कानशिलावरून ओघळत होता. "डावं," तो हळूच म्हणाला. हात सरकला, डावं इंजिन बंद झालं आणि विमान सुखरूप उतरलं. मग तिची पाळी आली. तिलाही तोच बिघाड मिळाला. तिने आधी विचारलं, मग हात लावला, आणि विमान असं टेकवलं की कप्तानांच्या हातातला चहा हलला नाही.

निकाल स्वागतकक्षातल्या बाईंनी सांगितला. हजारराव पास.

"आणि मी?"

"तुमचे तास नियमात बसत नाहीत हो."

"ते तुम्हाला आधीच माहीत होतं की! मग बोलावलं कशाला?"

बाईंनी नजर खाली वळवली. "एक उमेदवार गळला ऐनवेळी. यांच्या जोडीला कुणीतरी हवं होतं ना..."

तिने बॅग उचलली आणि तडक पावसात जाऊन उभी राहिली. जोडीला कुणीतरी! म्हणजे ती परीक्षेला आलेलीच नव्हती. तिचं बसणं भरतीचं होतं, डगमगत्या पाटाखाली घालायच्या लाकडी चिपेसारखं.

बऱ्याच वेळाने तो धावत आला. धाप लागली होती.

"ऐका... अजून एक सांगायचंय. रागावणार तुम्ही."

"माझ्यात अजून रागाला जागा उरलीय असं वाटतं तुम्हाला?"

"माझा हात अडवलात ना... तो गुण मला दिलाय त्यांनी. 'सहकाऱ्याचं ऐकतो. उत्तम.'"

"हात माझा... आणि गुण तुम्हाला?"

"मी जाऊन सांगितलं, तो काढा. ते म्हणाले, काढला तर तू नापास. मी म्हटलं... करा."

"डोकं ठिकाणावर आहे का? हातची नोकरी घालवलीत!"

"माझ्या हातची कुठे होती?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पावसामुळे ते लपलं, आवाज मात्र लपला नाही. "चला वर," ती म्हणाली.

कप्तान फायली आवरत होते. "बाळा, नियम तासांचा आहे," तिला पाहताच ते म्हणाले.

"तास कमी आहेत, मान्य. ते मिळवायला कुणी जागा देत नाही, तेही सोडा. मला घेऊ नका सर, पण माझं दुसऱ्याच्या पदरात टाकू नका. आज मी गप्प बसले असते तर यांनी चांगलं इंजिन बंद केलं असतं. मागे प्रवासी असते तर त्यांनी कुणाचे तास मोजले असते?"

"जोडीला बोलावलेल्यांचे गुण मांडायची पद्धत नाही आमच्यात."

"मग आजपासून पाडा."

कप्तानांनी मिशीवरून हात फिरवला. मग हजाररावाकडे वळून म्हणाले, "तू महिन्याने परत यायचंस." आणि तिला, "तुम्हीही या. जोडीला नाही, उमेदवार म्हणून. तुमचे आजचे गुण मी मांडतो. तासांसाठी वर भांडेन. जिंकेन असं म्हणत नाही."

"भांडा तर खरं," ती म्हणाली. "हरलात तर पुढचं मी बघते."

जिन्यात दोघेच होते. ती पुढे, तो दोन पायऱ्या मागे. मधूनच तिची पावलं रागाने आपटत होती.

"महिनाभर सराव करू या का? रोज?" त्याने विचारलं.

"करू की. तुम्हाला गरज आहेच त्याची."

"आणि... सराव नसला त्या दिवशीही... भेटलो तर?"

तिची पावलं मंदावली. वळून मात्र पाहिलं नाही.

"म्हणजे सकाळपासून मला... म्हणजे थांब्यावरच... तुम्ही मला..." तो कठड्याला धरून उभा राहिला. "काय बोलतात अशा वेळी? मला या गोष्टीचा काहीच अनुभव नाही हो."

गर्रकन वळली ती! डोळ्यांत अजून सगळा दिवस पेटलेला होता, आणि ओठ मात्र हसायला निघाले होते.

"अनुभव विचारला का तुला कुणी?"