जास्तीचे पंचेचाळीस हजार

मंगळवारी सकाळी पावणेनऊला थेल्माचा फोन आला.

"हेस्टर, माझे पंचेचाळीस हजार पौंड गेले!"

बरं झालं, असं हेस्टर पिकर्सगिलला वाटलं. लगेच लाजही वाटली, पण आधी बरंच वाटलं होतं.

थेल्मा तिची धाकटी बहीण. जन्मापासून हिच्या ताटात वरचा तुकडा. नवरा शेअर ठेवून गेला, आणि आता अडुसष्टाव्या वर्षी लायनेल ब्रेथवेटशी लग्न. शनिवारी. वास्तविक लायनेलला आधी हेरलं होतं हेस्टरने. दोन हिवाळे बोलिंग क्लबात त्याच्यासाठी आल्याचा केक नेला, आणि एका रविवारी थेल्मा सहज म्हणून बरोबर आली. झालं.

हेस्टर तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर होती. म्हणून स्केलबेक गावात पैशाचं काही अडलं की तिला बोलावणं. ती गेली.

स्वयंपाकघरात थेल्मा रडवेली बसली होती. शेजारी तिचा मुलगा क्लाइव्ह. नवऱ्याचे शेअर विकून आलेली रोकड कुठे गुंतवायची हे ठरेपर्यंत शेअर-खात्यातच पडून होती. रविवारी एक लाख पासष्ट हजार होती. आता एक लाख वीस.

"रविवारी लायनेल या कॉम्प्युटरवर बसला होता, मावशी," क्लाइव्ह म्हणाला. "आणखी काय हवं?"

हेस्टरने थेल्माला शेअर-खातं सांभाळणाऱ्या कंपनीला फोन लावायला सांगितला. तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं की कंपनी पैसे देते ते फक्त खातेदाराच्या स्वतःच्या नावच्या खात्यात. हेही तसेच सोमवारी गेले होते, स्टेनरिज बँकेतल्या थेल्माच्या जुन्या खात्यात.

"ते? त्यात तर सात पौंड होते. मी विसरलेच होते ते खातं."

"तू विसरलीस, त्याने शोधून काढलं," क्लाइव्ह म्हणाला. "लग्न झालं की हळूच काढून घ्यायचे. सरळ डाव आहे, आई."

थेल्माने अंगठी काढली आणि बशीत ठेवली. "हेस्टर, त्यानेच केलं का ते मला सांग. त्यानेच केलं असेल तर शनिवार रद्द."

लायनेल घरामागे गुलाब छाटत होता. हेस्टरने आडवळण घेतलं नाही.

"रविवारी तिच्या कॉम्प्युटरवर काय करत होतात तुम्ही?"

"कंपनी तिची रोकड कुठल्या बँकेत ठेवते ते बघत होतो. सगळी कॅल्डर बँकेत. उद्या कॅल्डर बुडाली तर भरपाई एक लाख वीस हजारांपर्यंतच, वरचे पंचेचाळीस उघड्यावर. चहाच्या वेळी सांगितलं की मी! तुम्ही होतात, क्लाइव्ह होता."

"पासवर्ड?"

"पाककृतींच्या वहीमागे लिहिलाय. साऱ्या घराला ठाऊक आहे."

"मग ते पंचेचाळीस तुम्हीच स्टेनरिजमध्ये हलवलेत?"

लायनेलच्या हातातली कात्री खाली पडली. "स्टेनरिजमध्ये? अहो, तिथल्या बचत खात्यात घरविक्रीचे एक लाख दहा हजार आहेत तिचे! मर्यादा एका माणसाला एका बँकेमागे असते. खाती दोन असोत की दहा, बेरीज एकच! कोणी केला हा गाढवपणा? आजच काढायला सांगा तिला."

आपल्यावर संशय आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. हेस्टरच्या चार पैशांची इतकी काळजी आजवर कोणी केली नव्हती.

मग ती क्लाइव्हच्या गालिच्यांच्या दुकानात गेली. त्याने चहा दिला.

"पैसे धोक्यात आहेत रे आईचे. स्टेनरिजमध्ये."

"कसला धोका, मावशी? घराचे पैसे एका खात्यात, हे दुसऱ्यात. प्रत्येक खात्याला आपापलं संरक्षण असतं की!"

हेस्टरने चहा संपवला. दुपारचे बारा वाजले होते, आणि तिला सगळं कळलं होतं.

ती घरी गेली. बुधवारी थेल्माचे तीन फोन आले. प्रत्येक वेळी ती रडली आणि प्रत्येक वेळी हेस्टर म्हणाली, "बघते आहे." बघायचं काही उरलं नव्हतं. शनिवार उलटेपर्यंत गप्प बसलं की पुरे होतं. पण स्वतःचा आवाज तिला सोसवेना. गुरुवारी सकाळी तिने तिघांना थेल्माच्या टेबलाभोवती बसवलं.

"चोराने पंचेचाळीसच का घेतले? पन्नास का नाही, सगळेच का नाही?" तिने विचारलं. "कारण मर्यादेवरचे तेवढेच होते. म्हणजे ज्याने हे केलं, त्याला पैसे नकोच होते. थेल्माचा एक पौंडही बुडू नये असं त्याला वाटत होतं."

"मग तर लायनेलच," क्लाइव्ह म्हणाला. "त्याची टकळी तीच चालू असते."

"लायनेलला नियम पाठ आहे. स्टेनरिजमध्ये टाकले की पस्तीस हजार पुन्हा उघड्यावर पडतात, हे त्याला कळतं. ही चूक करणाऱ्याने नियम अर्धाच ऐकला. त्याला वाटतं, प्रत्येक खात्याला आपापलं संरक्षण. हे मला कोण म्हणालं, क्लाइव्ह?"

क्लाइव्ह लालबुंद झाला.

"बाबांच्या खुर्चीत बसतो तो!" तो ओरडला. "बाबांच्या कपातून चहा पितो! आणि आई हसते. बाबांशी कधी अशी हसली नाही. मला वाटलं, संशय आला की हाकलेल त्याला. पैसे तुझेच राहणार होते, आई. मी ते सांभाळूनच ठेवले होते."

लायनेलने बशीतली अंगठी उचलून थेल्मापुढे धरली. तिने ती घातली. मग ती बहिणीकडे वळली.

"तुला कधी कळलं?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"मंगळवारी. दुपारी बारा वाजता."

"आज गुरुवार आहे, हेस्टर."

"हो."

"मी तुला फोनवर रडून विचारत होते."

हेस्टरला लायनेलकडे बघवेना. "तुझं मोडलं असतं तर बरं वाटलं असतं मला," ती म्हणाली. "म्हणून थांबले."

थेल्माने टेबलावरचे कप गोळा केले आणि पाठमोरी होऊन नळ सोडला.

"क्लाइव्हने निदान माझे पैसे तरी सांभाळले," ती म्हणाली.