दोन आडव्या रेघा

"बटणासारखी बॅटरी असलेला नको," दुकानाचं दार ढकलता ढकलताच ती म्हणाली.

काउंटरमागचा कॅमेरेवाला लेन्स पुसत होता. त्यानं मान वर केली. "कशात नको?"

"रिमोटमध्ये. कॅमेऱ्याच्या. बिनतारी हवाय, टायमर असलेला. पण ती चपटी बॅटरी नको… मुलं गिळतात."

शेवटचे दोन शब्द तिनं आवाज खाली आणून म्हटले, कारण मूल तिथंच उभं होतं. पाच वर्षांचं, लाल बूट घातलेलं, कान टवकारलेलं.

"मी नाही काही गिळत," लेक म्हणाली. "एकदाच मणी गिळला होता."

"हिरवा," आईनं पुरवणी जोडली. का, ते तिचं तिलाही कळलं नाही.

तो हसला नाही. म्हणजे ओठांनी नाही हसला… डोळ्यांनी हसला. हातात घेतलेला छोटासा रिमोट त्यानं गुपचूप परत काचेच्या कपाटात ठेवला. "मग हा बाद. पुढे बोला."

पुढे बोलण्यासारखं बरंच होतं. शुक्रवारी शाळेत कुटुंबाचा फोटो द्यायचा होता. घरात लेकीचे फोटो हजारांनी होते, आई मात्र एकातही नव्हती. असलीच तर भिंतीवरची सावली, नाहीतर कोपऱ्यातला अंगठा. नवरा तीन वर्षांपूर्वी रीतसर सह्या करून वेगळा झाला, तेव्हापासून कॅमेरा धरणारे हात दोनच. मोबाइलवर काढावा, तर नुसती नाकं येत. आणि लेकीला फोटो हवा होता 'पायांसकट'. बूट नवे होते ना!

हे सगळं तिनं सांगितलं. फक्त नवऱ्याचं वाक्य गाळलं. तरी त्याला ते ऐकू आलं असावं.

"कॅमेऱ्यात दहा सेकंदांचा टायमर असतो की," तो म्हणाला.

"असतो. मी बटण दाबून धावत जाऊन बसते, तोवर ही उठून कॅमेऱ्यात काय चाललंय ते बघायला येते. आमची गाठच पडत नाही!"

आता मात्र तो मोठ्यानं हसला, आणि त्यानं दोन डबे समोर मांडले. "हा घेतलात तर कॅमेऱ्याच्या अगदी समोर धरावा लागतो. उन्हात नखरे करतो. आणि हा दुसरा. याचा एक तुकडा कॅमेऱ्याच्या डोक्यावर, एक तुमच्या हातात. मध्ये भिंत आली तरी ऐकतो."

"भिंतीपलीकडून ऐकतो?"

"माणसांपेक्षा बरा."

तिनं झाकण उघडून पाहिलं. साध्या पेन्सिल बॅटऱ्या. ठरलं. तरी आधी चालवून बघायला हवाच होता. तिनं पिशवीतून काढून दिलेला कॅमेरा त्यानं कोपऱ्यातल्या स्टँडवर चढवला. "तीन आकडे लक्षात ठेवा. किती वेळानं सुरू करायचं, दोन फोटोंत अंतर किती आणि एकूण फोटो किती."

पाच सेकंद. अंतर दहा सेकंद. तिसऱ्या जागी दोन आडव्या रेघा होत्या. रेघा म्हणजे काहीच नाही, असा तिनं सरळ अर्थ लावला आणि बटण दाबलं… आवाज आला नाही. येणार कसा? लेक तान्ही असताना क्लिक ऐकून दचकून उठायची, म्हणून तो आवाज तिनं पाच वर्षांपूर्वी बंद केला होता तो केलाच.

तेवढ्यात लेकीचा हात खालच्या खिळ्यावर टांगलेल्या पाकिटांकडे गेला. चपट्या बॅटऱ्या! आई झेपावली, तोही झेपावला, दोघांची डोकी आपटली आणि टायमर दोघांच्याही मनातून गेला.

"तुम्ही कुठेही गेलात तरी अशीच झडती घेता?" कपाळ चोळत त्यानं विचारलं.

"सवय आहे. हा काउंटरचा कोपरा टोकदार आहे. त्या स्टँडचा पाय वाटेत येतो."

"आणि दुकानदार?"

"त्याची… अजून घेतली नाही."

म्हटलं आणि तिनं जीभ चावली. मग उगीचच लेकीच्या बुटाचा बंद सोडून परत बांधत बसली.

घरी येऊन कॅमेरा उघडला, तर एकसष्ट फोटो! कपाळ चोळणारी ती. हसणारी ती… आपण अशा दिसतो हसताना? दातांसकट? तेराव्या फोटोत ती बंद बांधत होती आणि तो तिच्याकडे बघत होता. ग्राहकाकडे बघतात तसं नव्हे. तिचे कान तापले. आणि एकोणिसावा! त्यात तो बिल लिहीत होता, आणि त्याच्याकडे टक लावून बघणारी ती… तीच होती. पुसून टाकायला बोट गेलं. थबकलं. परत आलं.

"हाच फोटो शाळेत देऊ," खांद्यावरून लेक म्हणाली. "पायांसकट आहे."

"अगं, त्यात दुकानातले काका आहेत."

"असू देत. तू हसतेयस."

गुरुवारी दुपारी ती लेकीला घेऊन परत दुकानात उभी.

"या रिमोटमध्ये खोट आहे."

त्याचा चेहरा पडला. "काय झालं?"

"न सांगता फोटो काढतो."

तिनं पुढे केलेल्या कॅमेऱ्यात तो एकेक फोटो पुढे सरकवत गेला. तिची नजर सवयीनं दुकानभर फिरली. खालचा खिळा रिकामा होता. बॅटऱ्यांची पाकिटं आता पार छताजवळ टांगलेली. स्टँड भिंतीला सरकवलेला. काउंटरच्या टोकदार कोपऱ्याला काळं रबर चिकटवलेलं. त्याच्याबद्दल जी एक धाकधूक घेऊन ती आली होती, ती तिथंच, त्या रबरापाशी, विरली.

"तिसऱ्या जागी काय होतं?" त्यानं विचारलं.

"दोन रेघा. म्हणजे शून्य ना?"

"नाही हो… दोन रेघा म्हणजे 'थांब' म्हणेपर्यंत." आणि तेराव्या फोटोवर त्याचं बोट अडकलं. "इथं मी… लेन्स बघत होतो, असं म्हटलं तर?"

"लेन्स काउंटरवर दिसतेय."

"मग खरं सांगतो. तुम्हाला बघत होतो. आणि तेव्हापासून दाराकडे बघतोय."

तिनं पदरचं सगळं धैर्य गोळा केलं. "अजून सहा पुढे जा."

तो गेला. एकोणिसावा. त्यानं तो मोठा करून पाहिला.

"पुसायचा राहिला वाटतं?" त्यानं हळूच विचारलं.

"राहिला नाही… ठेवला."

"फोटो कधी काढायचा?" लेकीनं पाय आपटला. लाल बूट वाजले.

दुकानाबाहेरच्या भिंतीवर छान ऊन होतं. त्यानं स्टँड मांडला. मायलेकी पायरीवर बसल्या, रिमोट आईच्या हातात, लेक आईच्या कुशीत. या खेपेला कुणी उठून पळालं नाही. फोटो आला. पायांसकट.

"काका, तुम्ही पण या!"

तो जागचा हलला नाही. तिच्याकडे बघत राहिला.

"शाळेत हा दोघींचाच द्यायचा," ती लेकीला म्हणाली. "आपलं कुटुंब सध्या एवढंच आहे." मग जरा थांबून, सरकून तिनं पायरीवर जागा केली. "पुढचा घरासाठी. या…"

तो येऊन बसला, मध्ये लेकीएवढं अंतर ठेवून. "आकडा किती ठेवता? एक?"

तिनं अंगठ्यानं आकडे मागे नेले. एक. मग दोन आडव्या रेघा.

"आणि 'थांब' कोण म्हणणार?" त्यानं विचारलं.

"मी नाही," ती म्हणाली आणि बटण दाबलं.